डाव्या कानावरची जागा

दो पिलनाम हे नाव तिच्या आजोबांनी ठेवलं. आधीची मुलगी ग्वीसुन, मग एक मूल दगावलेलं आणि मग ही. पुढचा तरी मुलगाच होऊ दे, असा त्या नावाचा अर्थ. पुढचा मुलगाच झाला. "नावाचं काम झालं आणि मी उरले," असं पिलनाम स्वतःच हसत सांगायची.

देगूच्या पश्चिमेकडच्या एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं जन्म घालवला. सकाळी मुळे आणि कोबी चिरायचे, दुपारी पोरांच्या ताटात भात, रस्सा, भाजी वाढायची, मग घमेल्यांएवढी भांडी घासायची. तिथं सगळ्यांना कानांपर्यंत येणारी पांढरी टोपी घालावी लागे. उन्हाळ्यात चुलींपुढे ती टोपी म्हणजे डोक्यावर दुसरी चूल. बाकीच्या बायका बाहेर पडताच ती ओढून काढत आणि डोकं खाजवत. पिलनाम मात्र कपडे बदलायच्या खोलीत कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी राही, केस नीट करी आणि मगच वळे.

तिच्या डाव्या कानाच्या वर तळहाताएवढी जागा उघडी होती. गुळगुळीत, फिकट गुलाबी, उन्हात चकाकणारी. ती लहान असताना सोंगजूच्या गावी घरी एक बैल होता आणि त्याच्यासाठी रोज संध्याकाळी मोठ्या कढईत पेंढा आणि कोंड्याची पेज शिजायची. ती बादलीत भरून गोठ्यात न्यायचं काम थोरल्या ग्वीसुनकडे. ती तेव्हा अकरा-बारा वर्षांची. एका संध्याकाळी बादली उचलून ती वळली आणि मागून धावत आलेली धाकटी नेमकी तिच्या अंगावर आदळली. उकळती पेज धाकटीच्या डोक्यावर सांडली. आईनं जखमेवर सोयाबीनचं आंबवलेलं वाटण थापलं. गावात तेव्हा भाजण्यावर दुसरं औषध कुणाला ठाऊक नव्हतं. पोर वाचली, जखम भरली, पण तिथं पुन्हा केस आले नाहीत.

या गोष्टीबद्दल दोघी बहिणी इतक्या वर्षांत कधी बोलल्या नव्हत्या. ग्वीसुननं फक्त एक युक्ती शोधून काढली होती. भांग उजव्या कानाच्या अगदी जवळ पाडायचा, सगळे केस वरून डावीकडे आणायचे आणि मागे काळी पिन लावायची. धाकटी शाळेत जाऊ लागली तेव्हापासून रोज सकाळी ती हे करून द्यायची. पुढे पिलनाम स्वतः करायला शिकली. लग्न ठरताना तिनं नवऱ्याला ती जागा दाखवली होती. तो गडी वाकून बघत म्हणाला, "खाली कान शाबूत आहे ना? मग झालं." तो वारला त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

साठी भरली आणि नोकरी संपली. निरोपाच्या दिवशी पोरांनी गाणं म्हटलं, मुख्याध्यापिकेनं फुलं दिली. दुसऱ्या दिवसापासून पिलनामला सकाळी कुठं जावं हेच कळेना. मुलगी बोराम सुवॉनला नोकरीला. तिनंच फोनवरून आईचं नाव वस्तीच्या सभागृहातल्या ढोलाच्या वर्गात घातलं. कमरेला ढोल बांधायचा, गोल धरायचा, डोकं हलवत वाजवायचं. पिलनामला ते फार आवडलं. हातात ताकद होतीच, ताल कुठून आला कुणास ठाऊक.

पण वयानं वरचे केस विरळ झाले होते. एकदा गोल फिरताना पिन सुटली आणि केसांचा तो सगळा पडदा उजवीकडे पडला. शेजारच्या ओम म्योंगजा नावाच्या बाईनं फिरता फिरता गळ्यातला रुमाल काढला, हळूच तिच्या डोक्यावर बांधला आणि पावलांचा ताल न चुकवता पुढं सरकली. घरी आल्यावर पिलनाम खूप रडली. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. हसणाऱ्याला उत्तर देता येतं.

त्या आठवड्यात तिनं ठरवलं, त्या जागी केस लावून घ्यायचे.

*

ग्वीसुनचा सोमुन बाजारात हातानं कापलेल्या नूडल्सचा गाळा होता. चाळीस वर्षं एकच पातेलं, एकच बाक आणि ग्वीसुनची जीभ. पिलनामनं तिथं बसून खालच्या आवाजात सांगितलं तेव्हा ग्वीसुनच्या हातातली सुरी थांबली.

"केव्हा जायचं?" एवढंच तिनं विचारलं.

"अगं, आधी कुठं जायचं ते तरी बघू."

"ते मी बघते. तू नूडल्स खा."

संध्याकाळपर्यंत अर्ध्या बाजाराला कळलं. बहिणीचं नाव ग्वीसुननं घेतलं नव्हतं, "आमच्या ओळखीतली एक" असं म्हणाली होती. पण ओळखीतली कोण हे गोधड्या विकणाऱ्या बाईलाही कळलं आणि वाळवलेल्या माशांवाल्यालाही. जो तो सल्ला घेऊन येऊ लागला. गोधडीवाल्या बाईच्या मुलानं सोलमध्ये टकलावर केस लावून घेतले होते, तो आला की त्याला भर बाजारात वाकायला लावून ती डोकं दाखवायची. मासेवाला म्हणाला, काळे तीळ खा, सगळं तिळात आहे. पिलनामची केस कापणारी बाई बानवोलदांगच्या चौकातल्या एका क्लिनिकचं नाव दिवसातून दोनदा फोन करून सांगायची.

बोराम रोज फोनवर लोकांचे अनुभव वाचून दाखवायची. "आई, इथं सगळ्यांनाच पुन्हा जन्मल्यासारखं वाटलंय. शब्द न् शब्द तोच. लिहून दिलं की पैशात सूट मिळते म्हणे. आणि फोटो बघ, आधीचा अंधारात काढलाय, नंतरचा खिडकीपाशी."

"मग कुणाचं ऐकायचं?"

"कुणाचंच नाही. स्वतः जा, चार ठिकाणी पाय झिजव. आणि मावशीला काही कबूल करू देऊ नकोस."

पहिल्यांदा दोघी बहिणी बानवोलदांगलाच गेल्या. वर जायला आरशांची लिफ्ट, आत मऊ सपाता, कॉफी. सल्ला द्यायला डॉक्टर नव्हते, नाजूक नखांची एक मुलगी होती.

"या आई, बसा आई. किती त्रास सोसलात आई."

"बघ," ग्वीसुन कानाशी पुटपुटली, "बोरामला सांग, तुला बहीण झाली."

त्या मुलीनं छोट्या कॅमेऱ्यानं ती जागा टिपली आणि पडद्यावर पिलनामचंच डोकं दाखवलं. मग कळ दाबली आणि त्या उघड्या जागेवर दाट काळे केस आले. ग्वीसुन उठून पडद्याजवळ गेली. बोट लावणार होती, पण लावलं नाही. तशीच उभी राहिली.

पिलनामनं विचारलं, "हे असंच होईल?"

"अगदी असंच, आई."

"भाजलेल्या जागी केस धरतात का? माझी मुलगी म्हणत होती, तिथं रक्त कमी असतं."

"आमचं तंत्र नवीन आहे. काळजीच करू नका."

"आणि लावणार कोण? डॉक्टर स्वतः?"

"आमची पूर्ण टीम असते, आई."

डॉक्टर आले, डोक्याकडे बघितलं, हसले, "होऊन जाईल" म्हणाले आणि गेले. कॉफी अजून गरम होती. आजच नाव नोंदवलं तर मोठी सूट, असं त्या मुलीनं सांगितलं. पिलनाम म्हणाली, "विचार करून कळवते." परतताना ग्वीसुन रागानं दोन पावलं पुढंच चालत राहिली.

मग सोलला गेल्या, गोधडीवालीच्या मुलाच्या डॉक्टरकडे. तो माणूस सभ्य होता. जखम बघून त्यानं हात धुतले आणि सांगितलं, "मी टकलावर काम करतो. भाजलेल्या कातडीवर करत नाही. रंगाचे बारीक ठिपके गोंदवून घ्या, लांबून केसांसारखं दिसेल." परतीच्या गाडीत ग्वीसुननं अक्रोड घातलेल्या छोट्या केकची अख्खी पिशवी रागारागानं संपवली.

"गोंदवून घ्या म्हणे. माझी बहीण काय भिंत आहे?"

"ताई, निदान खरं तरी बोलला."

"खरं बोलायला सोलला कशाला जायचं? खरं आपल्याकडेही मिळतं."

*

ढोलाच्या वर्गात पिलनाम म्योंगजाला तोंड दाखवायचं टाळत होती. रुमाल धुऊन, इस्त्री करून तिनं परत दिला आणि निघाली, तर म्योंगजाच तिच्याबरोबर चालू लागली.

"राग नाही ना आला तुम्हाला?" म्योंगजानं विचारलं. "मला वाटलं, मी उगाच पुढं पुढं केलं."

"राग कसला. लाज वाटली."

"आमच्या घरीही तसलंच आहे. नवरा कापड रंगवायच्या कारखान्यात होता. वाफेची नळी फुटली. मागची सगळी बाजू गेली डोक्याची."

पिलनाम थांबली. मग तिनं विचारलं, "काही केलं का त्यावर?"

"केलं ना. नदीपलीकडे एक म्हातारे डॉक्टर आहेत, खाली औषधाचं दुकान, वर त्यांचा दवाखाना. त्यांनी केस लावले."

"आले?"

"अर्धे आले, अर्धे नाही आले. डॉक्टरांनी आधीच तसं सांगितलं होतं. एकदा लावून पुन्हा लावावे लागले, दीड वर्ष गेलं. अजून एका जागी टक्कल आहे, जाईचं फूल चिकटवल्यासारखं दिसतं. पण आता तो सलूनमध्ये जातो. आधी मीच घरी कापायचे."

इतक्या दिवसांत एवढ्या लोकांनी एवढी नावं सुचवली होती, पण काय आलं नाही हे सांगणारी ही पहिलीच. पिलनामनं त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली. या खेपेस ती एकटी गेली.

जिना अरुंद होता. बाहेरच्या खोलीत एक म्हातारा टीव्ही बघत होता आणि खिडकीत कुणीतरी लसूण वाळत घातला होता. डॉक्टरांनी कॅमेरा काढला नाही. अंगठ्यानं ती जागा दाबली, सोडली आणि पांढऱ्या पडलेल्या कातडीत रंग किती वेळानं परत येतो ते वाकून बघितलं. पुन्हा दाबलं. कडेला, मध्ये, कानाजवळ.

"कानाकडच्या बाजूला बरं आहे," ते म्हणाले. "मध्ये रक्त फार कमी पोचतं. भाजलं तेव्हा काय लावलं होतं?"

"सोयाबीनचं वाटण."

"आमच्याकडेही तेच लावायचे." ते हात पुसत बसले. "आधी थोडेच केस लावून बघू, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. सहा-सात महिने थांबू. किती जगतात त्यावरून पुढचं. एकही नाही जगला तर मी तुम्हाला दुसऱ्यांदा बसवणार नाही."

"माझी बहीण विचारेल, सगळे का नाही लावत एकदम."

"लावायचे केस तुमच्याच डोक्याच्या मागून घ्यावे लागतात, ते तिथं काही पुन्हा उगवत नाहीत. काढले की गेले. वाया घालवायला तुमच्याकडे तेवढे नाहीत."

पिलनाम उतरली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. कुणी तिला काही कबूल केलं नव्हतं, तरीही. ती थेट बाजारात गेली.

*

दुपारची गर्दी ओसरली होती. पातेलं उकळत होतं. पिलनाम बाकावर टेकली तशी ग्वीसुन म्हणाली, "त्या टोकाला बस." चाळीस वर्षं ती हेच म्हणत आली होती. पिलनामला पातेल्याजवळच्या जागेवर तिनं कधी बसू दिलं नव्हतं. पिलनाम टोकाला सरकली आणि म्हाताऱ्या डॉक्टरांबद्दल सगळं सांगितलं.

ग्वीसुननं ऐकून घेतलं. मग कणकेचा गोळा फळीवर आपटत म्हणाली, "नको. बानवोलदांगलाच करायचं. मी नाव नोंदवलंय."

"म्हणजे?"

"इसार देऊन आलेय. तुझ्या नावानं. सूट संपत होती."

पिलनामला आधी खरंच वाटेना. मग तिचे कान तापले. आयुष्यात ती थोरल्या बहिणीला उलटून बोलली नव्हती.

"ताई, डोकं माझं आहे."

"ते डॉक्टर अर्धवट करणार. अर्धवट कशाला? तू त्या पडद्यावर बघितलंस ना? सगळे केस होते. सगळे."

"ते चित्र होतं."

"मला ते पाहिजे. तसंच पाहिजे."

"तुला पाहिजे," पिलनाम म्हणाली. "तेच विचारतेय मी. हे माझ्यासाठी चाललंय की तुझ्यासाठी?"

ग्वीसुननं कणकेचा गोळा पुन्हा फळीवर आपटला. शेजारच्या गाळ्यातली बाई भांडी घासायची थांबली. पिलनाम उठली आणि घरी आली. त्यानंतर दोघींमध्ये फोन बंद. सणाला भावाच्या घरी पूर्वजांना नैवेद्य दाखवायला दोघी गेल्या, एकाच स्वयंपाकघरात उभ्या राहून भजी तळली आणि एकमेकींकडे न बघता निघाल्या. तिकडे भावजयीची पंचाईत. मीठ लागलं तर दोघींना वेगवेगळं विचारावं लागत होतं.

पिलनामनं डॉक्टरांकडे तारीख ठरवली. बोराम येणार होती, पण आदल्या दिवशी तिच्या ऑफिसात काहीतरी अडलं. "मी एकटी जाईन, भाजी आणायला जाते तशी," असं पिलनामनं तिला सांगितलं.

सकाळी ती जिन्यापाशी पोचली, तर औषधाच्या दुकानासमोर ग्वीसुन उभी. अंगात लग्नाकार्याला घालायचा कोट, हातात डबा.

"बोरामनं सांगितलं," ती म्हणाली. "इसार परत घेतला. अर्धाच दिला मेल्यांनी."

"गाळा?"

"बंद ठेवलाय."

आईच्या मयतीनंतर तो गाळा दिवसा कधी बंद नव्हता. दोघी जिना चढल्या. वर वेळ होता, टीव्हीसमोरच्या बाकावर बसल्या. ग्वीसुन पडद्याकडे बघत बोलली, बहिणीकडे नाही.

"तू विचारलंस ना, कुणासाठी. माझ्यासाठीच. ते चित्र बघितलं आणि वाटलं, काही झालंच नव्हतं असं होईल. बादली उचलताना मी वळून बघायला पाहिजे होतं."

"मी पळत आले होते."

"तू सहा वर्षांची होतीस."

"आणि तू बारा. तूही लहानच." पिलनाम म्हणाली, "ताई, मला ते भाजणं आठवत नाही. काहीच नाही. मला आठवतं ते एवढंच की तुझ्या पाठीवर होते आणि तू अनवाणी पळत होतीस. बर्फ होतं आणि तुझ्या पायात काही नव्हतं. पार शेजारच्या गावातल्या आरोग्य केंद्रापर्यंत. मला वाटायचं, हिचे पाय दुखत असतील."

ग्वीसुननं डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं. "दुखत होते," ती म्हणाली आणि मग तिला रडू आवरेना. टीव्ही बघणाऱ्या म्हाताऱ्यानं आवाज वाढवला.

*

केस लावून झाल्यावर पिलनामला डोक्यापेक्षा भूकच जास्त जाणवली. डब्यात अबालोन शिंपल्यांची पेज होती. ग्वीसुन पुढे रोज येऊन डॉक्टरांनी सांगितलं तसं पाणी शिंपडून धुऊन द्यायची, इतक्या हळू की पिलनामला गुदगुल्या व्हायच्या.

महिनाभरात लावलेले केस एकेक करून गळले. तसं होणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, तरी ग्वीसुननं उशीवरचा केस उचलून हातावर धरला आणि तिचा चेहरा उतरला.

"गेले गं सगळे."

"मूळ आत असतं म्हणालेत."

"ते म्हणालेत. तू बघितलंस का मूळ?"

"ताई, तू मुळे लावायचीस तेव्हा रोज उपटून बघायचीस का?"

"बघायचे," ग्वीसुन म्हणाली. "म्हणून तर आईचा मार खायचे."

हिवाळा सरून डोंगरउतारावर पिवळी फुलं आली, तेव्हा बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. आठवडाभर पिलनामनं कुणाला सांगितलं नाही. मग भिंगातून डॉक्टरांनी बघितलं. निम्म्याहून थोडे जास्त जगले होते. ते म्हणाले, कडेनं पुढं जाऊ या, मध्ये जमेल तितकंच. दुसरी खेप झाली. पुन्हा गळणं, पुन्हा वाट बघणं.

शेवटी जे आलं ते पडद्यावरच्या चित्रासारखं नव्हतं. नवे केस मानेवरचे, जरा जाड आणि हट्टी. जिथं लावले तिथं आपल्याच मर्जीनं उभे राहायचे. मध्ये अंगठ्याएवढी जागा उघडीच राहिली. पण कानाच्या वरची कड भरली आणि पिलनामला आयुष्यात पहिल्यांदा भांग मध्ये पाडता आला. तो नीट पडेना, पंचावन्न वर्षं केस एकाच दिशेला वळलेले. केस कापणाऱ्या बाईनं दोन महिने खटपट केली तेव्हा जमलं. अधूनमधून "मी सांगितलं तिथं गेला असता तर" असं ती म्हणतेच. पिलनाम आरशातून नुसती हसते.

शरद ऋतूत दोघी बहिणी बसनं पोहांगकडे समुद्रावर गेल्या. म्हातारपणी फिरायचं म्हणून नाही, ग्वीसुनला तिथल्या एका माणसाकडून सुके मासे ठरवायचे होते. काम आटोपल्यावर धक्क्यावर बसून दोघींनी उकडलेले खेकडे खाल्ले. वारा सोसाट्याचा. पिलनामचे केस सगळे तोंडावर आले, मागे गेले, पुन्हा तोंडावर आले. तिनं हात लावला नाही. हात खेकड्यात अडकले होते, हेही खरं.

ग्वीसुन तिच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मधली जागा दिसतेय."

"दिसू दे."

"डॉक्टरांना विचारून बघायचं का, अजून थोडे?"

पिलनामनं खेकड्याचा पाय फोडून तिच्या ताटलीत टाकला आणि थोरल्या बहिणीच्या टाळूकडे बारकाईनं बघितलं. वाऱ्यानं ती पुरती उघडी पडली होती.

"ताई, विचारायचं तर आता तुझंच विचारावं लागेल. मागून पार चंद्र उगवलाय."

"उगवू दे," ग्वीसुन म्हणाली. "मी कुणाच्या पडद्यासमोर बसणार नाही. तिथं नुसती कॉफी चांगली मिळते." आणि तिनं तो खेकड्याचा पाय तोंडात घातला.